पागो, पागोऽ

फर्ग्युसन रस्त्याच्या एका गल्लीतल्या अमृततुल्यात परवा दोघं जण स्पॅनिशच्या परीक्षेची उजळणी करत बसले होते. बाहेर पावसाची भुरभुर, आत आल्या-वेलचीची वाफ, पितळी पातेल्याच्या काठावर ओगराळ्याचा टणटणाट. मुलीच्या हातात क्रियापदांचा तक्ता होता. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण अक्षरं राखाडी पडली होती आणि एका कडेला काळा पट्टा उमटला होता. ती विचारणार, तो सांगणार; एक जरी चुकलं तरी चहाचे पैसे त्याने द्यायचे, सगळी बरोबर आली तर तिने. दहाबारा उत्तरं सरळ गेली. मग ती म्हणाली, ‘त्याने पैसे दिले.’ तो ताडकन म्हणाला, ‘पागो.’ तिने कागद खाली ठेवला आणि गल्ल्याकडे बोट दाखवलं. ‘पागो म्हणजे मी देतो. म्हणालास ना? दे मग.’ त्याने तक्ता ओढून घेतला. वर्तमानाच्या रकान्यात पी, ए, जी, ओ. भूतकाळाच्या रकान्यातही पी, ए, जी, ओ. ‘अरे, त्या ओवर रेघ असते.’ ‘कुठंय इथं रेघ?’ दोघांनी कागद ट्यूबलाइटसमोर धरला. रेघेच्या जागी एक पुसट ठिपका होता, तोही बहुधा चहाचा. तो उठला, ‘काका, दोन चहा’ म्हणत पैसे देऊन आला, आणि ती पुढच्या क्रियापदाकडे वळली.

ती उडालेली रेघ मात्र डोक्यातून जाईना.

कारण त्या रेघेवर चार माणसं उभी असतात. पागार म्हणजे पैसे देणं. हाच शब्द पोर्तुगीजातही आहे आणि तिथूनच आपला पगार आला, चावी आणि घमेल्याच्या सोबतीने. त्या पागारची ही चार रूपं घ्या. एक, मी देतो. दोन, त्याने दिले. तीन, अहो, द्या. चार, मी दिले. देवनागरीत लिहायला गेलं तर पहिल्या दोन्हींचं पागो होतं आणि पुढच्या दोन्हींचं पागे. फरक एवढाच, की पहिल्या आणि तिसऱ्या रूपात जोर ‘पा’वर असतो, दुसऱ्या आणि चौथ्यात शेवटच्या अक्षरावर, आणि तिथे रोमन स्वराच्या डोक्यावर उजवीकडे चढणारी एक छोटी रेघ येते. आपल्या लिपीत तिला जागा नाही, म्हणून या लेखापुरतं असं करू या: जिथे जोर मुद्दाम दाखवायचा तिथे अवग्रह. पागो, मी देतो. पागोऽ, त्याने दिले. पागे, द्या. पागेऽ, मी दिले. एखाद्या हॉटेलात बिल आल्यावर ‘मी दिलेत’ सांगताना जोर चुकला, तर समोरच्याला ‘तुम्ही द्या’ असं ऐकू जाईल. पुण्यात यावरून मैत्री तुटू शकते.

वर्गातल्या वह्या पाहिल्या की चूक कुठे रुजते ते दिसतं. पहिल्या दिवसापासून मराठी मुलं समासात देवनागरी उच्चार लिहून ठेवतात, आणि सवय चांगली आहे, कारण स्पॅनिशचे पाचही स्वर अ-आ-इ-ईच्या चौकटीत इंग्रजीपेक्षा कितीतरी नीट बसतात. पण बोलणं या अर्थाचं आब्लार घेतलं (पुढचा एच मुका), की ‘मी बोलतो’समोरही आब्लो आणि ‘तो बोलला’समोरही आब्लो. वही स्वतःच झेरॉक्ससारखी वागते. शिवाय मराठीत जोर इकडून तिकडे गेल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण दिन आणि दीन वेगळे करतो ते ह्रस्व-दीर्घाने, तेही बरेचदा कागदावरच. आणि अक्षराच्या डोक्यावरचं चिन्ह गळालं तर चालवून घ्यायचीही आपल्याला सवय आहे. व्हॉट्सॲपवर ‘जेवण झाल का’, ‘मी केल’ असं बिनाअनुस्वाराचं येतं आणि आपण ते झालं, केलं असंच वाचतो. त्याच सैलपणाने स्पॅनिशची रेघ वाचली जाते. तिथे मात्र रेघ गळाली की शब्द अर्धवट राहत नाही, दुसराच अस्सल शब्द तयार होतो, आणि तपासणारा ती शुद्धलेखनाची चूक धरत नाही, काळाची आणि पुरुषाची धरतो.

खरं तर जोर बदलला की कर्ता बदलतो, ही कल्पना या शहराच्या पेठांना नवी नसावी. वेदपाठशाळेतल्या मुलालाही इंद्रशत्रूची गोष्ट ठाऊक असते. त्वष्ट्याला यज्ञातून इंद्राला मारणारा हवा होता. शब्द बरोबर होता, ‘इंद्रशत्रु’, पण उदात्त शेवटी हवा होता तो पहिल्या अक्षरावर गेला. तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, इंद्राला मारणारा मागितला होता, इंद्र ज्याला मारणार असा वृत्र जन्मला. वैदिक उदात्त ही सुराची उंची आहे आणि स्पॅनिशमधला जोर हा आघात, त्यामुळे दोन्ही एक नव्हेत. पण आपल्याच लिपीत एके काळी अक्षराखाली आडवी रेघ अनुदात्ताची आणि अक्षरावर उभी रेघ स्वरिताची अशी काटेकोर सोय होती, आणि रेघ चुकली तर कोण कोणाला मारतो ते उलटत असे, हे आठवलं की पागोऽवरची रेघ परकी वाटत नाही.

आता तक्ता. नियमित क्रियापदाच्या मूळ रूपाची शेवटची दोन रोमन अक्षरं काढून टाकायची, जे उरेल त्याला प्रत्यय लावायचे. आर-वाल्यांना, म्हणजे ज्यांचं मूळ रूप आरने संपतं त्यांना, मी, तू, तो-ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने: आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. एर-वाले आणि इर-वाले या काळात वाटणी करत नाहीत, दोघांचे प्रत्यय एकच. खाण्याचं कोमेर घ्या: कोमीऽ, कोमिस्ते, कोम्योऽ, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोम्येरोन. राहण्याच्या, जगण्याच्या बिबिरचंही तसंच, बिबीऽ, बिबिस्ते, बिब्योऽ. म्हणजे एकूण प्रत्यय १२. ‘तुम्ही’चं -तेइस हे रूप स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत नाही, तिथे ‘तुम्ही’लाही ‘ते’चंच रूप. त्या बाजूची स्पॅनिश शिकणाऱ्याला १० पुरतात. रेघ सहापैकी दोनच ठिकाणी, मी आणि तो. ती तिथेच का, हे ठाऊक असलं तर पाठ करावं लागत नाही. शब्दाच्या शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर आपोआप शेवटून दुसऱ्या अक्षरावर जातो. आब्लास्तेमध्ये तो ‘लास’वर, आब्लारोनमध्ये ‘ला’वर, दोन्ही शिस्तीत, म्हणून रेघ नको. आब्लेऽ आणि आब्लोऽ स्वरान्त असून शेवटी जोर घेतात, शिस्त मोडतात, म्हणून रेघ. एकाच अक्षराच्या शब्दात जोर दुसरीकडे जायला जागाच नाही, तिथे रेघ निरर्थक, आणि ‘त्याने पाहिलं’ या अर्थाच्या ब्योसारख्या रूपांवरून स्पॅनिश अकादमीने १९५९ पासून ती काढूनच टाकली. आपल्याकडे उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले, जवळजवळ त्याच सुमारास. जुन्या छापाची पुस्तकं हाताळणाऱ्याला दोन्ही भाषांत ते जादा दागिने अजून दिसतात.

कोम्योऽ मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. कोमि आणि ओऽ एकत्र आले की इचा य होतो. प्रीती आणि अर्थ मिळून प्रीत्यर्थ, तशीच ही शाळेतली यण् संधी. हे दिसलं की रेघ कुठे ठेवायची याचा घोळ संपतो. इ आता स्वर म्हणून उरलेलीच नाही, रेघ तिच्यावर जाणार कशी? ती ओवरच. तरीही निम्म्या वह्यांत ती आयवर बसलेली दिसते. आणि आयवर बसलेली रेघ खरोखर जिथे असते, तिथे ती नेमकं उलटं काम करते: संधी होऊ देत नाही. कोमीआ, ‘तो खायचा’, तीन अक्षरं सुटी सुटी, ई-आची गाठ मारायला मनाई. वाचणं म्हणजे लेएर, त्याचं ‘त्याने वाचलं’ होताना दोन स्वरांच्या मधे इ सापडते आणि लिहितानाही तिचा वाय होतो, लेयोऽ, लेयेरोन. हे अनियमित म्हणून वेगळ्या यादीत घोकायला देतात. संधी येणाऱ्याला ती यादी लागत नाही.

दुसरी एक यादीही अशीच अर्धी गळते. मोजण्याच्या, सांगण्याच्या कोंतारचं वर्तमानात क्वेंतो होतं, मुळातल्या ओचा वे होतो, म्हणून मुलं भूतकाळातही क्वेंतेऽ लिहितात. बरोबर रूप कोंतेऽ. मुळातला स्वर फुगतो तो जोर त्याच्यावर पडतो तेव्हाच, आणि या भूतकाळाच्या नियमित रूपांत जोर सदैव प्रत्ययाकडे गेलेला असतो. बंद करण्याचं स्येर्रो–सेर्रेऽ, परतण्याचं ब्वेल्बो–बोल्बीऽ. मूल, पण मुलाला. पूल, पण पुलावर. पीठ, पण पिठात. वजन पुढे सरकलं की मागचा स्वर आखडतो, हे मराठी माणूस कुणी न शिकवता करतो. इर-वाल्यांपैकी काही मात्र खोडकर निघतात. मागण्याच्या पेदिरचं पिद्योऽ, झोपण्याच्या दोर्मिरचं दुर्म्योऽ, तेही फक्त तो आणि ते या दोन घरांत. ते पाठच करावे लागतात.

आणि मग ते पागेऽ, जे लिहायला पागारइतकं सोपं नाही. देवनागरीत ग तो गच. रोमनमध्ये जीपुढे ई आला की स्पॅनिश माणूस त्याचा घशातून खरखरीत ख करतो, म्हणून ग टिकवायला मधे एक मुका यू घालतात: पी, ए, जी, यू, ई. शोधण्याच्या बुस्कारचं बुस्केऽ करताना सी ठेवला तर त्याचा स होईल, स्पेनच्या बहुतेक भागात थसारखं काही होईल, म्हणून तिथे क्यू-यू येतात. सुरुवात करण्याच्या एम्पेसारमधला झेड ईपुढे सी होतो. हे तिन्ही बदल ‘मी’च्या एकाच घरात, कारण आर-वाल्यांत ई फक्त तिथेच येतो. उच्चार जसाच्या तसा राहावा म्हणून स्पेलिंग बदललं, एवढंच. देवनागरी वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटतं, आणि थोडं आहेच.

तूचं रूप बघा. आब्लास्ते, कोमिस्ते. स्पॅनिशमध्ये तूच्या जवळपास प्रत्येक काळातल्या रूपाच्या शेवटी स असतो, याच एका भूतकाळात नाही, कारण लॅटिनमध्येच इथे तो नव्हता. मराठीत मात्र तू म्हटलं की स आलाच: गेलास, बोललास, खाल्लंस. त्यामुळे मराठी मुलं आब्लास्तेस म्हणतात, आणि त्यांना धीर द्यायचा तर असा, की स्पेनपासून मेक्सिकोपर्यंत कित्येक जन्मजात स्पॅनिश बोलणारेही बोलताना हेच करतात आणि शाळेत ओरडा खातात. परीक्षेत मार्क जातात ते जातातच. गंमत म्हणजे हल्ली पुण्यातही ‘तू गेला का?’ असा स गाळून बोलणारे वाढलेत. त्यांना आब्लास्ते सोपं जावं.

लिंगाचा गोंधळ निराळा. पहिल्याच महिन्यात विशेषणं शिकवतात, आल्तो म्हणजे उंच मुलगा, आल्ता म्हणजे उंच मुलगी, ओ पुल्लिंगी, आ स्त्रीलिंगी. वर मराठीत बोलला आणि बोलली वेगळे, आणि कर्मणीत तर क्रियापद कर्माच्या मागे धावतं: तिने लाडू खाल्ला, त्याने पोळी खाल्ली. एवढं सामान घेऊन आलेल्याला आब्लोऽ म्हणजे ‘तो बोलला’ आणि आब्लाबा म्हणजे ‘ती बोलली’ असं वाटलं तर त्याचं काय चुकलं? पण आब्लोऽमधला ओ त्याचा आणि तिचा दोघांचा, आणि आब्लाबा हा दुसराच भूतकाळ आहे. लाडू असो की पोळी, कोम्योऽ हलत नाही. मराठीतला ‘ने’ दाराबाहेर काढून ठेवायचा. त्या बदल्यात एक गोष्ट फुकट मिळते: ‘जेवलास?’ आणि ‘जेवलीस?’ या दोन्हींना मिळून एकच शब्द, कोमिस्ते? ना डिड, ना यू. विचारणारा, विचारला गेलेला, काळ, सगळं एका शब्दात मुरलेलं, मराठीसारखंच.

आब्लाबाचा तो दुसरा भूतकाळ. रूपांपुरता तो इतका गरीब आहे की तक्ता पाच मिनिटांत होतो. आर-वाल्यांना -आबा, -आबास, -आबा, -आबामोस, -आबाइस, -आबान; बाकीच्यांना -ईआ, -ईआस, -ईआ, -ईआमोस, -ईआइस, -ईआन. मी आणि तो यांचं रूप एकच, म्हणून इथे सर्वनाम अधूनमधून बोलून दाखवावं लागतं. अख्ख्या भाषेत अनियमित फक्त तीन: असणं, जाणं, पाहणं, म्हणजे एरा, ईबा, बेईआ. रेघ आर-वाल्यांत फक्त ‘आम्ही’वर, आब्लाऽबामोस, कारण जोर शेवटून तिसऱ्यावर जातो; ईआ-वाल्यांत सहाही घरांत.

रडकुंडीला येतात ते वापरताना.

आणि इथेच वाईट वाटतं, कारण पुण्यातला स्पॅनिशचा वर्ग बहुतेक इंग्रजीतून चालतो. इंग्रजीत गेलो, जायचो, जात होतो या तिघांनाही एका साध्या वेंटने वेळ मारून नेता येते, म्हणून पुस्तकं आडवळणाने समजावतात: क्रिया लांबली असेल तर हा, पटकन झाली असेल तर तो, ‘काल’ दिसलं तर हा, ‘नेहमी’ दिसलं तर तो. मग मुलं वाक्याचा अर्थ सोडून त्यात ‘नेहमी’ शोधत बसतात. वास्तविक ज्या मुलीने आयुष्यभर ‘आजोबा रोज पर्वतीवर जायचे’ आणि ‘काल आजोबा पर्वतीवर गेले’ यांत कधी चूक केली नाही, तिला हा भेद शिकवायचाच नसतो, तिच्या तोंडात असलेला दाखवून द्यायचा असतो. वाक्य आधी मराठीत म्हणायचं. शेवटी ला-ली-लं-लो आलं तर आब्लोऽचा काळ. -यचा, -त असे, -त होता आलं तर आब्लाबाचा. शाळेच्या व्याकरणात ज्याला रीतिभूतकाळ म्हटलं होतं, ते ‘जाई, येई, सांगे’, तेही इकडेच. मराठीचा रीती आणि अपूर्ण असे दोन भूतकाळ स्पॅनिशने एका घरात ठेवलेत. पाऊस पडत होता, योबीआ. मी निघालो, सालीऽ. पानशेत फुटलं, र्रोम्प्योऽ; तेव्हा आजी नारायण पेठेत राहत होती, बिबीआ. १२ जुलै १९६१च्या त्या एका सकाळीबद्दल या शहरात जितकं बोललं गेलंय, त्यातलं कुठलंही वाक्य घ्या, पाणी चढत होतं, लोक वाड्यांच्या माड्यांवर गेले, कुणी भांडी उचलत होतं, भिंत कोसळली, आणि काळ आपोआप लागत जातात. ज्याने त्या दिवसाची हकिकत घरच्यांच्या तोंडून ऐकली आहे त्याने या विषयाचा अर्धा अभ्यासक्रम ऐकला आहे.

लांबीचा नियम तर मोडीतच काढावा. टिळक ६ वर्षं मंडालेला राहिले. सहा वर्षं म्हणजे लांबच लांब, पुस्तकी नियमाने आब्लाबाचा काळ हवा. पण मराठीत इथे कुणी ‘सहा वर्षं राहायचे’ म्हणणार नाही. १९०८ ते १९१४, दोन्ही टोकं बांधलेली, गाठोडं पूर्ण, म्हणून राहिले, म्हणून बिब्योऽ. याउलट ‘मंडालेत ते गीतारहस्य लिहीत होते’, टोकं सुटी, एस्क्रिबीआ. लिहून झालं त्याचं एस्क्रिब्योऽ. घटना तीच, बोलणारा तिच्या आत उभा आहे की बाहेरून आकडा सांगतोय, एवढंच बघायचं.

‘मला आवडलं’ही आपल्याला आयतं मिळतं. मे गुस्तोऽ. आवडलेल्या वस्तूप्रमाणे क्रियापद, आवडणारा चतुर्थीत. गाणी आवडली, गुस्तारोन. आवडायचं, गुस्ताबा. इंग्रजीवर वाढलेला माणूस यापाशी महिनाभर अडखळतो. इथे एका तासात निपटतं, फक्त कुणीतरी ‘मला’ हा शब्द वर्गात उच्चारायला हवा.

मराठीची ही शिडी जिथे फसवते, ती जागाही ठाऊक हवी. तिने निळी साडी नेसली होती. तीन वाजले होते. तो कट्ट्यावर बसला होता. आपण एक स्थिती सांगतोय, पण रूप पूर्ण भूतकाळाचं: क्रिया आटोपली, आणि ‘होता’. मुलं प्रामाणिकपणे त्याचा पूर्ण भूतकाळ करतात आणि वाक्य विचित्र होतं, जणू साडी नेसून नंतर बदलली. स्पॅनिशला स्थिती दिसली की आब्लाबाचा काळ लागतो. नेसली होती, येबाबा. वाजले होते, एरान. बसला होता, एस्ताबा आणि पुढे ‘बसलेला’. वय, वेळ, हवामान, अंगावरचे कपडे, चेहऱ्यावरचा भाव, गोष्टीतला हा सगळा पडदा याच काळात रंगवतात. कोनोसेर हे क्रियापद आणखी मजेशीर आहे. कोनोसीआ म्हणजे ओळखत होतो, कोनोसीऽ म्हणजे ओळख झाली. जिथे आपण दोन वेगळे शब्दप्रयोग करतो, तिथे स्पॅनिश नुसती शेपटी बदलते.

मालिका बघून शिकणाऱ्यांची एक तक्रार असते की माद्रिदची माणसं आजच्या गोष्टीला हा काळ वापरतच नाहीत. खरंय. बहुतेक स्पेनमध्ये आज दुपारी जेवलो असेल तर ‘जेवलोय’च्या वळणाचं ए कोमीदो म्हणतात, काल जेवलो असेल तर कोमीऽ. मेक्सिकोत आजही कोमीऽ. एक बाजू धरायची आणि तीच धरून ठेवायची.

तक्ता पाठ करण्याबद्दल एवढंच. आब्लेऽ-आब्लास्ते-आब्लोऽ असं पाढ्यासारखं खाली खाली म्हटलं की चालीत जोर आपोआप बरोबर पडतो, आणि सुटा शब्द आला की पुन्हा पागो. त्यापेक्षा चौकडी म्हणावी. तोमार म्हणजे घेणं, पिणं, चहाला हेच क्रियापद: तोमो, तोमोऽ, तोमे, तोमेऽ. अशी पाच क्रियापदं, वीस उच्चार, क्रम उलटसुलट. समोरच्याने न बोलता बोटाने दाखवायचं: मी की तो, द्या की दिले. त्याचं बोट चुकलं तर चूक म्हणणाऱ्याची. बहुतेकांना वाटतं शेवटचा स्वर ताणला की झालं, आणि ते पाऽगोऽ असं दोन्ही लांबवतात, मग ऐकणारा पुन्हा अधांतरी. ताणायचं नाही. पहिलं अक्षर हलकं सोडून द्यायचं, ठेक्यात समेच्या आधीची मात्रा जाते तसं, आणि सम शेवटच्या अक्षरावर घ्यायची. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर आपण काय करतो ते लगेच समजतं, आणि जरा लाजही वाटते. लिहिताना फोनच्या कीबोर्डवर स्वराचं बटण दाबून धरलं की रेघेचा स्वर वर येतो; तेवढा सेकंद वाचवणारेच परीक्षेतही तो वाचवतात. आणि झेरॉक्स मूळ कागदावरून काढावी, त्याआधी सगळ्या रेघा काळ्या पेनने गिरवून घ्याव्यात. बारा प्रत्ययांत त्या मोजून चार आहेत.

त्या मुलाने पैसे दिले ते बरोबरच झालं, तो ‘पा’वरच आपटला होता. पण तिने ‘त्याने दिले’ऐवजी ‘आम्ही दिले’ विचारलं असतं, तर तो पागामोस म्हणाला असता आणि निकाल लागणं कठीण होतं. आर-वाल्यांचं आणि इर-वाल्यांचं ‘आम्ही’ वर्तमानात आणि या भूतकाळात एकच. जोर त्याच ‘गा’वर, रेघ मुळातच नाही, झेरॉक्स कितीही स्वच्छ असो. पागामोस, आम्ही देतो. पागामोस, आम्ही दिले. शेजारी आयेर, म्हणजे काल, असा एखादा शब्द असला तर ठीक. नसला तर गल्ल्यावरच्या काकांनाच विचारायला लागतं.